उकिरडा उपसायचा का?

१२ डिसेंबर, शुक्रवार

उभी नोकरी मी पाटोद्याच्या बसस्थानकात भोंग्यावरून “गाडीत जागा नाही, मागच्या गाडीनं या” असं लोकांना सांगण्यात घालवली. आज एक डबा मलाच ते सांगतो आहे. सकाळी एक कविता पुन्हा नीट भरायला बसलो, माइक पुढं ओढला, घसा खाकरला, तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला. जागा शिल्लक नाही. आणि मागची गाडीही नाही, कारण डबा एकच.

हा संगणक अभिमन्यूच्या कॉलेजच्या दिवसांतला. लेक पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, त्याला लेक झाली, डबा इथंच राहिला. आत किती भरलंय ते दाखवणारी एक पट्टी असते. ती पूर्वी निळी होती. आता कुंकवाच्या बोटासारखी लाल झाली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पण माझं सामान ते केवढं? चौथीच्या जुन्या पुस्तकात बावीस कविता होत्या. त्यांतल्या एकवीस मी सटवाजी गुरुजींच्या मूळ चालीत म्हणून डब्यात ठेवल्या आहेत. गुरुजी टेबलावर डस्टरनं ताल धरायचे, खडूची धूळ उडायची आणि उन्हाच्या तिरिपेत ती नाचायची. मला तर वाटायचं, चालच दिसते आहे डोळ्यांना. बाविसावी कविता ‘टिटवी’. शब्द लख्ख पाठ आहेत:

माळावरच्या टिटवीबाई, घर तुमचे ते कोठे?
चार खड्यांचे अंगण माझे, आभाळच वर मोठे!

चाल मात्र गेली. साठ वर्षांच्या प्रवासात कुठल्या थांब्यावर उतरली, मला सांगितलंही नाही तिनं. पंचवीस जानेवारीला शाळेच्या शंभरीचा मेळावा आहे आणि मी भर बैठकीत शब्द देऊन बसलोय, की अख्खं पुस्तक चालीवर म्हणून दाखवीन. टाळ्याही घेतल्या.

गुरुजींना विचारावं तर ते कधीच गेले. आम्ही पाचवीत जायच्या आधीच त्यांची आष्टीकडं बदली झाली होती. तिकडं त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी भेटलं तरी चालेल, पण कोणतं खेडं ते कुणालाच आठवत नाही.

सौ. पलीकडं ज्वारी निवडत होती. म्हणाली, “आष्टीकडं खेडी काय कमी हायेत व्हय?”

तिचं माहेर तिकडचंच. पण तिला काय विचारणार? बाई चौथी शिकलेली, आणि कवितेचं नाव काढलं की हसते. लग्न झालं त्या वर्षी मी तिला मोठ्या हौसेनं हीच ‘टिटवी’ म्हणून दाखवली होती. तर इतकी हसली, इतकी हसली, की तोंडात पदराचा बोळा कोंबला. तेव्हापासून ती घरात असताना मी कविता म्हणत नाही. काळीज असावं लागतं त्याला.

१५ डिसेंबर, सोमवार

बाजारपेठेत प्रविणच्या दुकानी गेलतो. तो संगणक दुरुस्त करतो आणि दुरुस्त करता करता बोलतो. बोलणं जास्त.

“काका, किती वर्षांचा झाला ओ हा?”

“तुला मिशा फुटायच्या आधीपासून आहे.”

“मंग आता त्याला रिटायर करा. तुमी न्हाई का झालात?”

“अजून चालतो.”

“चालत न्हाई काका, रांगतोय. नको असलेलं सगळं डिलीट मारा.”

“नको असलेलं काहीच नाही त्यात.”

“समदे गिऱ्हाईक हेच म्हणतेत, अन् मंग एकेका लग्नाचे चार-चार व्हिडिओ निघतेत.”

मी म्हणालो, व्हिडिओ एकच आहे, माझ्या सेवापूर्तीच्या सत्काराचा, दोन भागांत. त्याला हात लावायचा नाही. त्यात आगारप्रमुख माझ्या आवाजाबद्दल दहा मिनिटं बोलले आहेत. प्रविणनं मोबाइलवर कविता भरायचं सुचवलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ज्या यंत्रावर दिवसभर बँकेतल्या मुली कर्ज घ्या म्हणून मागं लागतात, त्यात गुरुजींना कसं बसवू?

प्रविणनं कसलासा गाळ काढून थोडी जागा करून दिली, आणि डिलीट कसं मारायचं ते मी शिकून आलो. काढलेली वस्तू एका टोपलीत जाते. टोपली पडद्यावरच असते.

१६ डिसेंबर, मंगळवार

ती टोपली नव्हेच. तो उकिरडा आहे.

अभिमन्यूच्या परीक्षांची गाइडं, कसलेसे खेळ, कुणाकुणाच्या सूर्यास्ताची चित्रं टाकली त्यात. मग बटण दाबलं तर डबा इंग्रजीत विचारतो, हे सगळं कायमचं घालवायचं का? म्हणजे मराठीत, उकिरडा उपसायचा का?

मी ‘नाही’वर टिचकी मारली. आज टाकलं आणि आज उपसलं, असा उकिरडा असतो का कुठं? शेण, पाचोळा, राख, सगळं वर्षभर मुरलं पाहिजे, तेव्हा त्याचं खत होतं. आईच्या दारातला उकिरडा अक्षय्यतृतीयेच्या आधी उपसायचे, तोवर त्याला फावडं लावायची कुणाची टाप नव्हती.

पट्टी जशीच्या तशी लाल आहे. मुरेल हळूहळू.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चमत्कारिक प्रकार. दुपारी रोजच्यासारखा बसस्थानकावर जाऊन बसलो. (आता भोंग्यावर नवीन मुलगी आहे. ‘अहिल्यानगर’ चांगलं म्हणते, पण ‘केज’ म्हणताना घाई करते. केज लांबवून म्हणायचं असतं, नाहीतर म्हाताऱ्यांची गाडी चुकते.) संध्याकाळी घरी आलो तर संगणकाचा पडदा काळा, पण खालच्या डब्याची घरघर चालू! मी तर बंद करून गेलतो.

पडद्याचं बटण दाबलं. आत एक छोटी खिडकी, आणि त्या खिडकीत मी. टोपी तिरकी, तोंड उघडं. अभिमन्यूनं बोलण्यासाठी वर कॅमेरा बसवून दिलाय, त्यातून दिसत असणार. मी हात हलवला, त्यानंही हलवला. मग फुली मारून खिडकी बंद केली.

आणखी एक. माउसला मिश्रीचा वास येतोय. आणि अक्षरांच्या बटणांत शेंगदाण्याची टरफलं. उंदीर झालेत घरात.

सौ.ला विचारलं, “डब्याला हात लावलास का?”

“मी? मला काय कळतंय त्याच्यातलं? चौथी शिकलेली बाई मी.”

शेजारच्या साखराबाई तिथंच भिंतीला टेकून मिश्री लावत बसल्या होत्या. त्यांची मुलं-सुना कारखान्याला ऊस तोडायला गेल्यात, गल्लीच अर्धी गेलीय म्हणा. त्या आणि त्यांची शेळी मागं राहिल्यात. दिवसभर एकट्या बसण्यापेक्षा आमच्याकडं येतात बिचाऱ्या. त्यांनीही मान हलवली. तोंडात मिश्री असल्यामुळं त्यांना बोलता येत नव्हतं. खांदे मात्र गदगदत होते. थंडी फार आहे यंदा.

२४ डिसेंबर, बुधवार

रामकिसन भेटला. चौथीतला माझा बाकसोबती, आता त्याच्या नातवाचंही लग्न झालंय.

“रामकिसन, टिटवीची चाल आठवते का?”

“कसली चाल बे? मला फकस्त गुरुजींची शेळी आठवती. अन् गुरुजींनी तुला बाकावर उभा केलता ते.”

“मला? मला कशाला करतील? मी त्यांचा लाडका.”

“लाडका! लई आगाव होतास बे तू.”

वय झालं की माणसाच्या डोक्यात चेहरे सरमिसळ होतात. तो सटवाजी गुरुजींच्या वर्गातला कुणी दुसराच धर्मराज आठवत असणार. मी लहानपणापासून हळवाच.

घरी येऊन, सौ. बाहेर होती तेवढ्यात, चाल शोधायला बसलो. ‘टिटवी’ अंगाईत घालून पाहिली; झोप आली. आरतीत घातली, हात आपोआप टाळ्या वाजवायला लागले. लावणीत घातली, टिटवी बिघडली. शेवटी कंटाळून भोंग्याच्या चालीत म्हणालो: “माळावरून सुटणारी टिटवीबाई... फलाट क्रमांक दोनवर... लागलेली आहे.” काय सांगू, तीच त्यातल्या त्यात बरी वाटली.

ती छोटी खिडकी आजही उघडीच होती. फुली मारली. पट्टी आणखी लाल. मी रोज काढतोय आणि ती रोज भरतेय.

२ जानेवारी, शुक्रवार

पुण्याहून फोन. नात संस्कृती आजीशीच बोलते, माझ्याशी ‘हॅपी न्यू इयर आजोबा’ म्हणून संपतं. सौ. फोन घेऊन परसात गेली. मला तुटक तुटक ऐकू आलं.

“...अगं हाय, बक्कळ केलेत... बाबा मेळाव्याला आला की घेऊन जाईल... न्हाई न्हाई, आजोबास्नी न्हाई सांगायचं, त्यांचा जीव दुखंल...”

आत आल्यावर विचारलं, “काय केलंयस बक्कळ?”

“लोणचं.”

“मग माझा जीव का दुखेल?”

“तुमास्नी पित्त हाय न्हवं?”

आता इतकी काळजी घेणारी बाई कविता मात्र ऐकून घेत नाही. देव एका हातानं देतो.

६ जानेवारी, मंगळवार

चोर सापडला!

प्रविणला फोन केला तर तो म्हणाला, “काका, एवढी जागा फकस्त व्हिडिओ खाऊ शकतेत. व्हिडिओचा एक पिवळा कप्पा असतोय, त्यात बघा.” बघितलं. बापरे. नुसत्या तारखांची नावं असलेले व्हिडिओ, एकावर एक, थप्पी लावल्यागत, आणि एकेक असा जाड की माझ्या एकवीस कविता त्याच्या एका कोपऱ्यात मावतील.

एक उघडून मधेच बोट ठेवलं. माझी रिकामी खुर्ची. पाठीमागची भिंत. बराच वेळ तेच. दुसरा उघडला, मधेच. तीच खुर्ची, तीच भिंत. एक पाल आली, गेली. तिसऱ्यात साखराबाईंची शेळी आत आली, खुर्चीचा वास घेतला, क्यालेंडराचा ऑक्टोबर खाल्ला आणि निघून गेली. (तो ऑक्टोबर मी सौ.च्या नावावर टाकला होता. चूक झाली.)

कुणाही माणसाला कळेल, की हा व्हायरस आहे. भिंतींचे व्हिडिओ दुसरं कोण काढणार? सगळे उचलून उकिरड्यात टाकले. सौ. तेवढ्यात आत आली. मी सांगितलं, “घाण सापडली! सगळी काढून टाकली!”

“कसली घाण?”

“भिंतीचे व्हिडिओ. ढीगभर.”

ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, “बरं केलं.” आणि माठात पाणी भरायला गेली. माठ भरलेलाच होता.

९ जानेवारी, शुक्रवार

पट्टी लालच. प्रविण म्हणाला, “काका, उपसा ना ते! उकिरड्यात ठेवलं तर जागा कशी व्हईल? उकिरडा बी घरातच हाय न्हवं?” हे मात्र पटलं. मी उकिरडा गावाबाहेर आहे असं समजत होतो. चांगला मुहूर्त बघून उपसतो. संक्रांत जवळ आहेच. अमावास्या-पौर्णिमेला नको.

सौ.चं काहीतरी बिनसलंय. काल भाजीत मीठ नव्हतं, आज दोनदा होतं. साखराबाई आल्या, दोघी ओसरीवर बसल्या. साखराबाई मिश्रीची डबी उघडायच्या आणि तशीच मिटायच्या.

“दुखतंय का काही?” मी विचारलं.

“न्हाई.”

“थंडीनं गुडघे?”

“असंल.”

मलम आणून दिलं. तिनं बघितलंसुद्धा नाही. ‘टिटवी’ अजून सापडत नाही. मेळावा येऊन ठेपला.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. बाजरीच्या भाकरीवर तीळ लावायचे राहून गेले. लग्नापासून असं कधी झालं नाही.

दुपारी फोनवर ती अभिमन्यूशी बोलत होती. मी दाराआड उभा होतो. मुद्दाम नव्हे, चष्मा शोधत होतो. तो कपाळावर होता हे नंतर कळलं.

“न्हाई रे, गेलं सगळं... राहू दे. पुन्यांदा कोण म्हणतंय, ते एकडाव होतंय... संस्कृतीला सांग आजी इसरली म्हणून... त्यास्नी काय बोलू नको. त्यांचीबी टिटवी हरवलीय, तेच लई कावलेत.”

म्हणजे ही इतके दिवस माझ्या टिटवीसाठी झुरते आहे! आणि मी तिला कवितेचं काळीज नाही म्हणत होतो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ओसरीवर बायकांचा बाजार भरला होता. वाण, तिळगूळ, हळदीकुंकू. मी खोलीचं दार लोटून संगणकापुढं बसलो. मुहूर्त चांगला होता. उकिरड्यावर बोट ठेवलं. डब्यानं विचारलं: उपसायचा का?

‘हो’वर बाण नेला आणि हात थांबला. मला आई आठवली. उकिरडा उपसायच्या दिवशी ती पदर खोचून गाडीच्या चाकाजवळ उभी राहायची. गडी फावड्यानं खत गाडीत टाकायचे आणि ती प्रत्येक फावडं बघायची. कारण राखेबरोबर, खरकट्याबरोबर वर्षभरात काय काय गेलेलं असायचं. एकदा वाटी सापडली, पितळेची, माझ्या जन्माच्या वेळची. दोन वर्षं ती त्या वाटीसाठी शेजारणीशी बोलत नव्हती. “न चाळता उपसला तर उकिरडा घर घेऊन जातोय,” असं म्हणायची.

म्हटलं, एकदा चाळावं. उकिरड्यातल्या उकिरड्यात व्हिडिओ दिसत नाही, बाहेर काढावा लागतो. वरचाच एक काढला. आणि या वेळी मधूनच बोट न ठेवता पहिल्यापासून लावला, जसा आई खालच्या थरापासून बघायची.

पडदाभर कपाळ. कपाळावर कुंकू. मग कपाळ मागं सरकलं आणि सौ. दिसली, माझ्या खुर्चीत! शेजारी साखराबाई, हातात शेंगा.

“लाल टिकली दाबली का गं?” साखराबाई.

“दाबली की. अभिनं सांगितलंय, टिकली दाबायची अन् म्हणायचं.”

“अन् बंद कसं करायचं?”

“पडदा बंद केला की झालं बंद. टीव्हीवाणी.”

मी कपाळावर हात मारला. रिकामी खुर्ची! पाल! शेळी! बाई पडदा बंद करून जायची आणि डबा बिचारा संध्याकाळपर्यंत भिंत बघत बसायचा. मग मी यायचो.

तेवढ्यात सौ.नं खाकरून घसा साफ केला, अगदी माझ्यासारखा, मुद्दाम, आणि साखराबाई हसून आडव्या झाल्या.

“ही संस्कृतीसाठी. आमच्या साळंत गुरुजी होते, धोतर नेसायचे. तेंच्यावर हाय. पण आमी न्हाई केली. गुरुजीच सांगायचे, माज्या पयल्या साळंतल्या एका आगाव पोरानं केलीया म्हणून. अन् सोताच ताल धरायचे!”

आणि तिनं टेबलावर ताल धरला. तोच. डस्टरचा.

पारावरच्या गुरुजी तुमचे धोतर गेले कोठे?
शेळीने ते खाल्ले बाई, पोट तिचे बघ मोठे!

मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागं पडली. ती चाल! खालून उचलून ‘कोठे’वर पक्ष्यासारखी वर जाणारी, मग झपकन खाली येणारी. खडूची धूळ, उन्हाची तिरीप, सगळं खोलीत. माझी टिटवी. साठ वर्षं झाली, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात राहत होती, धोतर आणि शेळीचा वेष घेऊन.

पवित्र कवितेची अशी विटंबना! हे कोणत्या पोरानं केलं असेल ते असो, वाह्यात असलं पाहिजे. मी तीन वेळा ऐकली.

बाहेरून सौ.चा आवाज आला, “काय पडलं ओ?”

“काही नाही. खुर्ची.”

व्हिडिओ एकेक करून सगळे जागेवर ठेवले. पट्टी लाल ती लालच. असू दे. रात्रीच्या जेवणाला भाजी कशी होती ते लक्षात नाही. जेवलो का, तेही.

१८ जानेवारी, रविवार

सौ.ला सांगितलं नाही. काय सांगणार? की मी तुझी शेळी ऐकली? संगणकावर जाऊन फक्त व्हिडिओचा कप्पा उघडाच ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, “ते भिंतीचे व्हिडिओ परत आलेत बाई. जात नाहीत. राहू देत.”

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. संध्याकाळी भाकरीवर तीळ होते. संक्रांत होऊन चार दिवस झाले तरी.

जेवताना सहज म्हणालो, “टिटवीची चाल सापडली.”

“कुठं सापडली?”

“स्वप्नात. गुरुजी आले होते.”

ती आमटी वाढत होती. खालीच बघत म्हणाली, “धोतर नेसून आलते का?”

“हो. नेसूनच. का?”

“न्हाई, आपलं इचारलं.”

साध्या बाईचे साधे प्रश्न.

२५ जानेवारी, रविवार

मेळावा झाला. लिहायला हात धजत नाही, पण रोजनिशी आहे, लिहिलं पाहिजे.

शाळेच्या पटांगणात मांडव. पुढं आम्ही म्हातारे, मागं बायका-पोरं. अभिमन्यू, सूनबाई वर्षाराणी आणि संस्कृती कालच पुण्याहून आले होते. सौ. आणि साखराबाई अगदी मागच्या रांगेत. एकवीस कविता मी एकामागून एक म्हटल्या. लोक कौतुकानं ऐकत होते, काही डुलक्या घेत होते. मग मी म्हणालो, “आणि आता, साठ वर्षांनी सापडलेली चाल.” मी डोळे मिटले. टेबलावर ताल धरला.

“माळावरच्या टिटवीबाई, धोतर गेले कोठे?”

मी म्हटलं नाही. चालीनं म्हटलं. चालीच्या अंगावर तेच कपडे होते त्याला मी काय करू? आठवडाभर तीच ऐकत होतो.

मुख्याध्यापक व्यासपीठावरून खाली बघायला लागले. आणि मागच्या रांगेतून एक किनरा आवाज आला, संस्कृतीचा, खणखणीत, ‘मोठे’वर बरोब्बर उचलून:

“शेळीने ते खाल्ले बाई, पोट तिचे बघ मोठे!”

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. आधी बायका हसल्या, मग पोरं, मग मुख्याध्यापक. आणि पुढच्या रांगेत रामकिसन काठी टेकत उभा राहिला. डोळ्यांतून पाणी.

“हीच! हीच ती बे! ही तूच केलतीस धर्मा! ह्यापायीच तुला गुरुजींनी बाकावर उभा केलता! अन् मंग सोताच हसत सुटलते!”

आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की असं काही झालेलं मला आठवत नाही. कुणी ऐकलं नाही. मग सगळ्यांनी मिळून म्हटली. दोनदा. टिटवी नव्हे, शेळी.

परत येताना जीपमध्ये सौ. माझ्या शेजारी होती. मग म्हणाली, “लग्नाच्या साली तुमी मला टिटवी म्हणून दाखवलीत तवा मी कशापायी हसले, ते आता कळलं का?”

“नाही,” मी म्हणालो.

“अन् ते आगाव पोर कोण, ते मला बी आजच कळलं,” ती म्हणाली, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला.

रामकिसनच्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नाही. मी लहानपणापासून हळवा. पण एक कबूल करतो, ‘पोट तिचे बघ मोठे’ ही ओळ वृत्तात चोख बसते. ज्यानं केली त्याला कान होता.

२७ जानेवारी, मंगळवार

अभिमन्यूनं जाताना व्हिडिओंच्या नकला घेतल्या. मला म्हणाला, “बाबा, भोंग्याच्या चालीतली टिटवी पण आलीय यात. लावणीतली पण.” मी म्हणालो, ती पुसून टाक. तो ‘बरं’ म्हणाला आणि संस्कृती फाटकातून जाताना ओरडली, “फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे!”

सकाळी सौ. खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मागं साखराबाई, त्यांच्या मागं शेळी.

“एक नवी केलीय. टिकली दाबायची का?”

डब्यानं पिवळा त्रिकोण दाखवला. जागा नाही.

मी सेवापूर्तीच्या सत्काराचा पहिला भाग उघडला. हार, नारळ, मी, माझे काळे केस. आगारप्रमुख बोलत होते, “आपले धनराजजी यांचा आवाज...” इतक्या वर्षांत मला कसं ऐकू आलं नव्हतं? ते दहाच्या दहा मिनिटं मला, धर्मराजला, धनराजजी म्हणत होते. भाग उचलला, उकिरड्यात टाकला. डब्यानं विचारलं, उपसायचा का? मी एकदा सगळं चाळून बघितलं. वाटी नव्हती.

‘हो.’

पट्टी जरा निळी झाली, पहाटेइतकी.

सौ.ला खुर्ची दिली. मी बाजूला स्टुलावर बसलो, साखराबाई खाली. सौ.नं लाल टिकली दाबली, घसा खाकरला, माझ्याकडं बघितलंच नाही आणि ताल धरला:

खुर्चीवरचे धनी ग बाई, कविता त्यांची कोठे?
डब्याने ती खाल्ली सगळी, पोट तयाचे मोठे!

मी म्हणालो, “‘धनी ग’मध्ये ‘ग’ भरीचा आहे.”

“वृत्तात बसतंय न्हवं?”

“बसतंय.”

“मंग गप बसा. धाकटं कडवं ऱ्हायलंय.”

झाल्यावर तिनं सवयीनं पडद्याचं बटण दाबलं. “झालं बंद,” म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मी फुली मारायला उठलो नाही. खाली डबा घरघरत होता. शेळीनं येऊन स्टुलाचा वास घेतला. मीही तसाच बसून राहिलो, जरा टोपी सरळ करून.

जागा लागलीच तर सत्काराचा दुसरा भाग आहे.